ॲम्प बदलण्याआधी मीटर लावा

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, अडखळणं तेवढं काढलंय. वायरचे रंग आणि आकडे ऐकताना निसटून जातात, म्हणून गाडीपाशी उभं राहून वाचता येईल असा हा मजकूर.)

हेडफोन लावून ऐकताय की गाडीत? गाडीत असाल आणि गाडी कडेला उभी असेल, तर एक काम करा. आवाज शून्यावर आणा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि हलकीशी रेस द्या. स्पीकरमधून कानाशी डास गुणगुणावा तसा 'ईंऽऽ' येतोय का? रेस वाढवली की तो सूरही वर चढतोय का? चढत असेल तर आजचा भाग तुमचाच आहे. चढत नसेल तरी थांबा, कारण शेवटी ज्या दोषाबद्दल बोलणार आहे त्याचा काहीच आवाज येत नाही.

तर झालं असं, की माझ्या मावसभावाने गेल्या वर्षी सेकंडहँड हॅचबॅक घेतली. आधीच्या मालकाने तिच्यात बाहेरून म्युझिक सिस्टिम बसवून घेतलेली. पुढे टचस्क्रीनवाला स्टिरिओ, डिकीत ॲम्प आणि वूफरचा मोठा डबा. भाऊ जाम खूश. आठवडाभर. मग सुरू झालं, की गाणं जरा मोठं केलं आणि ढोल आला, की ॲम्प बंद. तीन-चार सेकंद शांतता, मग परत चालू. दिवसा कमी, रात्री जास्त. एकदा रात्री खंबाटकी घाट चढताना एसी चालू, हेडलाइट चालू, आणि ॲम्पने मानच टाकली. शिवाय तो डास.

पहिल्या दुकानात सांगितलं, ॲम्प गेलाय. साडेसहा हजारांचा दुसरा ॲम्प. दोन दिवस बरं चाललं असं त्याला वाटलं, मग परत तेच. दुसऱ्या दुकानात आरसीए केबल बदलली. तिसऱ्या दुकानात निळा दिवा लागणारा एक मोठा कपॅसिटर बसवून दिला. एकूण साडेअकरा हजार गेले आणि डास जागच्या जागी. मग मला फोन. "दादा, गाडीच विकून टाकू का?"

मला फोन का, तर कॉलेजला असताना मी साताऱ्यात एका कार ॲक्सेसरीजच्या दुकानात दोन वर्षं फिटिंगचं काम केलंय. ते शेवटी येईलच.

म्हटलं, रविवारी ये. येताना काही विकत घेऊ नकोस.

सामान सांगतो. एक डिजिटल मल्टिमीटर. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर तुमच्या गावातलं कुठलंही इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, तीन-चारशे रुपयांत कामापुरता मिळतो. दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर, घड्याळातला एक पेन्सिल सेल आणि पाचेक मीटर साधी वायर. बस्स. टेस्ट लॅम्पही चालतो, पण एक लक्षात ठेवा. डॅशबोर्ड उघडल्यावर पिवळ्या आवरणाच्या वायरी किंवा पिवळे कपलर दिसले तर हात लावायचा नाही. बहुतेक गाड्यांत ते एअरबॅगचं वायरिंग असतं आणि टेस्ट लॅम्पचा करंट तिथे खेळायची गोष्ट नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत जाड नारिंगी केबल दिसली तर तिच्यापासूनही लांब.

आणि वायर सोडवायच्या-जोडायच्या असतील तेव्हा बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा, पॉझिटिव्ह नाही. का? पॉझिटिव्हचा नट फिरवताना पाना बॉडीला लागला तर पान्यातूनच शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधी काढला असेल तर पाना कुठेही लागू दे, काही होत नाही.

आता मोजायला सुरुवात. मीटर डीसी २० व्होल्टवर. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.५ आले. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ दाखवते, म्हणजे ठीक. इंजिन चालू केल्यावर १४.१. म्हणजे अल्टरनेटर काम करतोय. भाऊ म्हणाला, "मग सगळं बरोबरच आहे की!" इथेच दुकानातही सगळे थांबतात. बॅटरीवर व्होल्टेज आहे म्हणजे ॲम्पवर आहे असं धरून चालतात. मधल्या पाच मीटर वायरचं कोणी काही विचारतच नाही.

गंमत अशी, की काम करत नसलेल्या वायरचा दोष मीटरला दिसत नाही. गाणं बंद असताना ॲम्पवर मोजलं तर तिथेही १४ येतात. करंट वाहायला लागला की खरं रूप दिसतं. म्हणून फोनवर ५० हर्ट्झचा टोन लावला. असे टोन वाजवणारी ॲप फुकट मिळतात. गाण्यावर मोजायला गेलात तर आकडे नाचत राहतात, टोनवर स्थिर राहतात. आवाज मोठा, पण पाच-सहा सेकंदच, नाहीतर वूफरची कॉइल तापते.

टोन चालू असताना बॅटरीवर १३.६. ॲम्पच्या टर्मिनलवर १०.९.

२.७ व्होल्ट मध्येच गेले. असा ॲम्प १० व्होल्टच्या आसपास आला की स्वतःला वाचवायला बंद होतो. बंद झाला की लोड जातो, व्होल्टेज परत चढतं, तो परत चालू होतो. तीन-चार सेकंदांचं कोडं सुटलं. रात्री जास्त का, तर हेडलाइट, एसी, पंखा हे सगळे आधीच बॅटरीकडचं व्होल्टेज खाली खेचून बसलेले. ॲम्प बिचारा ठणठणीत होता. पहिलाही ठणठणीत असणार. तो आता त्या दुकानात कोणाला तरी 'कंडिशनमध्ये आहे' म्हणून विकला गेला असेल.

आता २.७ गेले कुठे? जायला दोनच रस्ते आहेत. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ॲम्पपर्यंतची लाल वायर, नाहीतर ॲम्पपासून परत बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा रस्ता. दुसऱ्याला आपल्याकडे अर्थिंग म्हणतात. घरातल्या अर्थिंगशी त्याचा संबंध नाही, जमिनीत काही जात नाही. गाडीचा पत्रा हाच निगेटिव्ह असतो. पण दुकानात सगळे अर्थिंगच म्हणतात, मीही तेच म्हणणार.

मोजायची पद्धत सोपी आहे. ती पाच मीटर वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावून डिकीत आणायची. मीटरची काळी पिन तिला, लाल पिन ॲम्पच्या निगेटिव्ह टर्मिनलला. तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती व्होल्ट सांडतायत ते थेट दिसतं. टोन लावला. खरं तर इथे दिसायला हवा ०.१, फार तर ०.२. दिसले १.८.

ॲम्पची काळी वायर डिकीतल्या पत्र्यात एका पत्र्याच्या स्क्रूने बसवलेली होती. रंगावरच. रंग म्हणजे इन्सुलेशन, मंडळी! करंट जात होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांतून, आणि तिथेही दोन पावसाळ्यांचा गंज. स्क्रूला हात लावला तर चटका बसला. साहजिक आहे. १.८ व्होल्ट गुणिले समजा ४० ॲम्पिअर, म्हणजे ७२ वॉटचा हीटर तिथे चालू होता. वूफरच्या वाट्याची ताकद स्क्रू तापवत होती.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, मीटर ओहमवर ठेवून अर्थिंग तपासता येत नाही का? नाही येत. ४० ॲम्पिअरला २ व्होल्ट पाडायला ०.०५ ओहम पुरतो. स्वस्त मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२-०.३ दाखवतो. म्हणजे दोष मीटरच्या वायरीतच बुडून जातो. 'बीप वाजली, अर्थिंग ओके' हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा बोललोय. चूक आहे ते.

भावाला पॉलिश पेपर दिला. म्हटलं, नाणं चमकतं तसा पत्रा चमकेपर्यंत घास. तिथे जाड पत्र्यात आरपार बोल्ट, दातेरी वायसर, वायरला तांब्याचं थिंबल नीट दाबून, आणि काम झाल्यावर वरून रंग किंवा ग्रीस, म्हणजे गंज परत येणार नाही. अर्थिंगची वायर लाल वायरइतकीच जाड हवी आणि लांबी जमेल तितकी कमी, दीड फुटाच्या आत. सीट बेल्टचा बोल्ट समोर तयार दिसतो म्हणून मोह होतो. त्याला हात लावायचा नाही. तो जीव वाचवायला आहे, वूफरला नाही. आणि कोकणातल्या किंवा गोव्यातल्या ऐकणाऱ्यांनी हा बोल्ट दर पावसाळ्यानंतर एकदा बघावाच, खाऱ्या हवेत पत्रा फार लवकर फुलतो.

परत मोजलं. १.८ चे ०.१ झाले. आणि हे मी मुद्दाम केलं नव्हतं, पण भावाने गाडी रेस केली आणि ओरडला, "दादा, डास गेला!"

का गेला, ते सांगतो. अल्टरनेटर मुळात एसी तयार करतो. आतले डायोड तिचा डीसी करतात, पण थोडी लाट उरतेच, आणि इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ती लाट जलद. म्हणून सूर चढतो. आता ॲम्पला परतीचा रस्ता चांगला मिळाला नाही तर करंट दुसरी वाट शोधतो. दुसरी वाट कोणती? आरसीए केबलचं बाहेरचं आवरण. ते स्टिरिओमार्गे बॉडीला पोचतंच. म्हणजे ज्या केबलमधून गाणं चाललंय तिच्यातूनच लाटेचा करंटही चालला. गाण्याचा सिग्नल दोन-चार व्होल्टचा, त्यात ही भेसळ, आणि ॲम्प काय, समोर येईल ते मोठं करतो.

दुकानात पहिलं सांगतात, की आरसीए आणि लाल वायर एकाच बाजूने नेलीय म्हणून आवाज येतो. वेगवेगळ्या बाजूंनी न्याव्यातच, नाही म्हणत नाही. पण कार्पेट उचकटण्याआधी अर्थिंग मोजा. तुमच्याकडे अर्थिंग उत्तम आहे आणि तरीही डास आहे, असं असेल तर दोष शोधायचा रस्ता असा. ॲम्प बंद करून आरसीए केबल ॲम्पकडून काढा, परत चालू करा. आवाज तसाच? मग ॲम्पचा पॉवर किंवा स्पीकरकडचा भाग बघा. आवाज गेला? मग ॲम्पच्या इनपुटला थेट फोन लावा. हेडफोनच्या भोकातून आरसीए करणारी केबल मिळते. फोन मात्र चार्जिंगला लावलेला नको, आपल्या बॅटरीवर. गाणं स्वच्छ आलं तर ॲम्प आणि त्याचं अर्थिंग सुटले, दोष केबलचा किंवा स्टिरिओच्या अर्थिंगचा. काही स्टिरिओंच्या आरसीएच्या निगेटिव्हला आत एक इवलासा फ्यूज असतो. सिस्टिम चालू असताना केबल काढ-घाल केली की तो उडतो आणि कायमचा डास मागे लागतो. म्हणून म्हटलं, ॲम्प बंद करून.

'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी दोन-तीनशेला मिळते, ती लावली की आवाज जातो. ती तापावरची गोळी आहे. ताप का आला ते कळत नाही, आणि स्वस्तातल्या डबीत बासही थोडा मरतो.

एक सोपं जाता जाता. ज्यांच्या गाडीत ॲम्प वगैरे काहीच नाही, फक्त फोन ऑक्स केबलने लावलाय आणि त्याच वेळी सिगारेट लायटरच्या भोकातून चार्जिंगला, त्यांना पण हाच डास ऐकू येतो. चार्जर काढा. गेला? मग चार्जर बदला किंवा ब्लूटूथवर ऐका. गॅरेजला जाऊ नका.

हां, तर अर्थिंगचे १.८ गेले, पण एकूण २.७ होते. ०.९ अजून लाल वायरमध्ये सांडतच होते. तिच्याकडे वळायचं होतं, पण भाऊ म्हणाला थिंबल संपले, घेऊन येतो. तो बाजारात गेला. तोवर तुमचे आलेले प्रश्न घेतो, चारच घेतलेत.

पहिला. गाडी बंद करून चालू केली की स्टिरिओ घड्याळ, रेडिओची स्टेशनं, सगळं विसरतो. उत्तर: पिवळी आणि लाल. बाहेरच्या स्टिरिओच्या मागे पिवळी वायर म्हणजे बॅटरीचा कायमचा सप्लाय, आठवण तिच्यावर टिकते. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा सप्लाय. काळी अर्थिंग. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत कंपनीच्या कपलरमध्ये या दोन जागा उलट असतात. कपलर बसतो, स्टिरिओ चालतो, आणि विसरतो. पिवळी-लाल अदलाबदल केली की झालं. मीटर लावून चावी बंद असताना कुठे १२ व्होल्ट येतात ते आधी बघा. आणि काहीही झालं तरी कंपनीचं वायरिंग कापू देऊ नका, प्रत्येक गाडीचा तयार कपलर बाजारात मिळतो. कापलेल्या वायरिंगवर वॉरंटीचा वाद घालत बसायची हौस असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की स्टार्ट होत नाही. म्युझिक सिस्टिम बसवल्यापासून. यात ॲम्पची रिमोट वायर बघा, निळी-पांढरी. ती ॲम्पला उठवते आणि झोपवते. फिटिंगवाल्याला स्टिरिओपर्यंत जायचा कंटाळा आला, तर तो ती थेट कायमच्या सप्लायला जोडतो. मग ॲम्प चोवीस तास जागा. जागा राहून अर्धा ॲम्पिअर खात असेल तर ३५ ॲम्पिअर-आवरची बॅटरी ७० तासांत रिकामी, आणि स्टार्टरला जोर कमी पडायला त्याच्या बरंच आधी सुरुवात होते. मोजायचं तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून मध्ये मीटर, १० ॲम्पिअरच्या भोकात पिन. दारं बंद, चावी काढलेली, आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण आजकालच्या गाड्यांना झोपायला वेळ लागतो. ५० मिलिॲम्पिअरच्या खाली आलं तर निर्धास्त राहा. मीटर मध्ये असताना स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल.

नुसती निळी आणि निळी-पांढरी यांत फरक आहे बरं का. नुसती निळी अँटेनासाठी. काही स्टिरिओंत ती फक्त रेडिओ चालू असतानाच जिवंत असते. 'रेडिओवर बास येतो, ब्लूटूथवर येत नाही' या तक्रारीचं कारण बऱ्याचदा हेच.

तिसरा. प्रोटेक्टचा लाल दिवा लागलाय, जातच नाही. ॲम्प बंद करून सगळ्या स्पीकर वायरी ॲम्पकडून काढा, परत चालू करा. दिवा गेला तर ॲम्प बरा आहे, एकेक वायर परत लावत जा, ज्या वायरीला दिवा लागेल तिथे दोष. दाराच्या रबरी नळीत वायर उघडझाप होऊन तुटते आणि पत्र्याला लागते, मी तरी सगळ्यात जास्त वेळा तेच पाहिलंय. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेतीन दाखवतो. शून्य दाखवला तर शॉर्ट, काहीच नाही दाखवला तर कॉइल जळालेली. दोन कॉइलवाल्या वूफरच्या ४-४ ओहमच्या कॉइली पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात. ॲम्प ब्रिजवर ४ ओहमच झेपतो असं लिहिलं असेल, तर तो तक्रार करणारच. सगळ्या स्पीकर वायरी काढूनही दिवा राहिला, आणि वर सांगितलेलं व्होल्टेज बरोबर आहे, तरच ॲम्प दुरुस्तीला न्या.

चौथा, बास एकदम पिचकलाय, बाकी ठीक. एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झालेत. पेन्सिल सेल स्पीकरला क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असताना कागद बाहेर आला पाहिजे. जो आत जाईल तो उलटा. हे करताना स्पीकरच्या वायरी स्टिरिओकडून काढलेल्या हव्यात.

आणि तो निळ्या दिव्याचा कपॅसिटर! तो विचारणारे दरवेळी असतात. १ फॅरडचा कपॅसिटर १ व्होल्टने खाली येताना ४० ॲम्पिअर देतो, पण किती वेळ? सेकंदाचा चाळिसावा भाग. ढोलाची एक थाप त्याच्याहून लांब असते. दिवा छान आहे.

भाऊ थिंबल घेऊन आला.

लाल वायर. दुकानदाराने ८ गेज सांगून दिलेली. टोक सोललं, एक तार ब्लेडने खरवडली, आतून चांदीसारखी पांढरी. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचं पाणी. तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा हिचा रोध दीडपट. (वरून पांढरी आणि आत तांबडी निघाली तर ते कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं, ती उत्तम.) बरं, इन्सुलेशनच इतकं जाड, की आत धातू निम्मासुद्धा नाही. खरी ८ गेज म्हणजे साडेआठ चौरस मिलिमीटरच्या आसपास धातू हवा, ४ गेज म्हणजे २१. इथे ०.९ व्होल्टचा हिशोब लागला. म्हटलं, पूर्ण बदलू. तिचा माग काढत मी बोनेटकडे आलो.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवर त्या वायरचं थिंबल दिसलं. तिथून ती वायर सरळ खाली, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याकडे. फ्यूज कुठे आहे ते बघत होतो. नव्हता.

ॲम्पवर २५-२५ ॲम्पिअरचे दोन फ्यूज होते. भाऊ म्हणाला, "हे आहेत ना?" थांबून समजावलं, तसं तुम्हालाही सांगतो. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. स्वयंपाकघरात नळ आहे. मधला पाइप जिन्यात फुटला, तर स्वयंपाकघरातला नळ बंद करून पाणी थांबेल का? टाकीपाशी कॉक हवा. ॲम्पवरचा फ्यूज म्हणजे स्वयंपाकघरातला नळ. ॲम्पच्या आत काही बिघडलं तर तो उडेल. पण लाल वायर वाटेत कुठे पत्र्याला टेकली, तर करंट बॅटरीतून निघून तिथूनच परत फिरेल, ॲम्पपर्यंत येणारच नाही. ॲम्पवरचा फ्यूज शाबूत. गाडीची साधी बॅटरीसुद्धा शॉर्टमध्ये काहीशे ॲम्पिअर देते. वायर हीटरच्या कॉइलसारखी लाल होते, तिचं इन्सुलेशन पेटतं. ती जाते कुठून? कार्पेटखालून, सीटखालून, फोमखालून. आणि गाडी बंद केली, चावी खिशात टाकली, तरी ते थांबत नाही, कारण ती वायर चावीतून आलेलीच नाही. बॅटरीपाशी लावलेला फ्यूज ॲम्पसाठी नसतोच मुळी, तो वायरसाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून १८ इंचांच्या आत हवा, आणि वायरला झेपेल त्याहून मोठा नको. वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं म्हणजे कॉक काढून टाकण्यासारखंच.

मग वायर पत्र्याच्या भोकातून ओढली. भोक ड्रिलने पाडलेलं, कड ब्लेडसारखी, रबरी ग्रॉमेट नाही. जिथे ती कडेवर टेकत होती तिथे इन्सुलेशन घासून घासून कागदासारखं झालं होतं आणि एका जागी आतला धातू चमकत होता. तांदळाच्या दाण्याएवढा. गाडी हादरली की तो दाणा त्या कडेवर घासत असणार.

भावाला दाखवलं. तो काही बोलला नाही. त्याने मागच्या सीटकडे बघितलं. त्याची मुलगी सात महिन्यांची आहे, तिची खुर्ची ड्रायव्हरच्या मागे असते. ती वायर तिच्या खालून जात होती.

आम्ही आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढला, मग बाकीचं. तांब्याची खरी ४ गेज वायर, बॅटरीपासून एका वितीवर ६० ॲम्पिअरचा फ्यूज, भोकाला ग्रॉमेट, इंजिनच्या बाजूला वायरवर खाचांचा काळा पाइप, जागोजागी टाय. सगळं मिळून तीन हजारांच्या आसपास. संध्याकाळी टोन लावला, बॅटरीवर १३.६, ॲम्पवर १३.३. भावाने ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं, सोसायटीतल्या काकांनी गॅलरीतून खाली बघितलं, मग बंद केलं.

आता ते साताऱ्याचं. रात्री मला झोप आली नाही, कारण ते फिटिंग मला ओळखीचं वाटलं होतं. त्या गाडीचं नव्हे, पद्धत. मी १९-२० वर्षांचा होतो. दिवसाला तीन गाड्या करायच्या. बॅटरीपाशी लावायचा फ्यूज किटमध्ये यायचा, पण मालक किट न घेता वायर बंडलातून कापून द्यायचे, स्वस्त पडायचं. 'ॲम्पवर फ्यूज आहे की' हे मला तेव्हा सांगितलं गेलं आणि मी ते मानलं, आणि गिऱ्हाइकांनाही तेच सांगितलं. ग्रॉमेट संपले की मी इन्सुलेशन टेपचे चार वेढे मारायचो. किती गाड्या असतील, माहीत नाही. त्यातल्या बऱ्याच दोन-तीनदा विकल्या गेल्या असतील. मी परवा दुकानात फोन केला. नंबर आता दुसऱ्याच कोणाचा आहे.

म्हणून हे सांगतोय. तुमच्या गाडीत बाहेरून बसवलेला ॲम्प असेल, तुम्ही बसवलेला किंवा आधीच्या मालकाने, तर हा भाग संपल्यावर बोनेट उघडा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून कंपनीच्या वायरींशिवाय वेगळी जाड वायर निघालीय का बघा. लाल असेलच असं नाही, आम्ही बंडलात असेल ती वापरायचो. तिच्यावर दीड फुटाच्या आत फ्यूजची डबी दिसत नसेल तर इंजिन बंद करा. दहा नंबरचा पाना घ्या, आधी निगेटिव्ह सोडवा, मग त्या एका वायरचं बॅटरीकडचं टोक काढा, त्याला टेप गुंडाळून बाजूला बांधा आणि निगेटिव्ह परत लावा. ॲम्प बंद राहील, गाडी चालेल. फ्यूज मिळाला की जोडा.